टिपणिसांना झोप येईल एवढा उजेड

टिपणिसांना झोप येत नसे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याबद्दल दुसरं काहीही सांगायला घेतलं तरी गाडी शेवटी तिथेच येते. बाकी माणूस ठणठणीत. ब्लडप्रेशर नाही, साखर नाही, दात सगळे स्वतःचे. फक्त रात्री अंथरुणाला पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. डॉक्टर झाले, वैद्य झाले, जायफळ उगाळून झालं, तळपायाला काशाच्या वाटीने तूप चोळून झालं. आमच्या ऑफिसातला शिपाई परब मालवणकडचा. तो म्हणाला, "साहेबानु, रातीक पेज जेवा. माका बघा, आडवो झालंय काय मेलंय." टिपणीस आठवडाभर पेज जेवले. भूक लागून आणखीच जागे राहिले.

आमची कंपनी अंधेरीला, पूर्वेला, पंप बनवणारी. मी घाटकोपरहून बसने यायची, जनरल मॅनेजर मेहतासाहेबांची स्टेनो होते. टिपणीस खरेदी खात्यात. उंच, शिडशिडीत, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, आणि डोळे लालबुंद. नवीन माणूस कंपनीत लागला की पहिल्याच दिवशी माझ्या कानाशी येऊन विचारायचा, "हे पितात का हो?" मी सांगायची, अरे बाबा, तो माणूस दुपारनंतर चहासुद्धा पीत नाही.

बोरिवलीला त्यांच्या सोसायटीने मात्र या आजाराचा पुरेपूर फायदा करून घेतला होता. टिपणीस जागेच असतात म्हटल्यावर जनरल बॉडीत ठराव करून गुरख्याला काढून टाकलं. पहाटे दुधाच्या केंद्रावर बाटल्यांची गाडी यायच्या आधी टिपणीस हजर, हातात अख्ख्या बिल्डिंगची दूधकार्डं. कोणाचं मूल आजारी असेल तर औषधाच्या वेळी कोणाचं दार वाजवायचं तेही त्यांनाच सांगितलेलं असायचं. त्यांना याचं वाईट वाटत नसे. "जागा आहेच, तर कोणाच्या उपयोगी पडतोय," म्हणायचे. वाईट वाटायचं ते त्यांच्या बायकोला. शालिनीवहिनी मला एकदा म्हणाल्या, "सरोज, हे घोरत नाहीत, बडबडत नाहीत, दिवासुद्धा लावत नाहीत गं. पण इतक्या जपून कूस बदलतात ना, की त्या जपण्यानेच मला जाग येते. मग दोघंही छताकडे बघत पडतो. लग्न झाल्यापासून मी सलग झोपले ती फक्त बाळंतपणात, माहेरी."

अशा माणसाकडे मेहतासाहेबांनी प्रोजेक्टर निवडायचं काम दिलं.

झालं असं, की साहेब जुहूच्या कुठल्याशा मोठ्या हॉटेलात सेमिनारला गेले आणि तिथे अंधारात भिंतीवर रंगीत आकडे बघून आले. मेहतासाहेब घाटकोपरचेच, जन्मापासूनचे, मराठी अस्खलित, फक्त घाईत असले की मधे हिंदी घुसायचं. परत आल्या आल्या त्यांनी वरच्या मजल्यावर कॉन्फरन्स रूम काढली. पश्चिमेच्या बाजूला अख्खी काच. मग टिपणिसांना बोलावलं. "टिपणीस, आपल्याला पण प्रोजेक्टर पाहिजे ना. फर्स्ट क्लास. लाइट किती पाहिजे, काय पाहिजे, सगळं तुम्ही बघा. निर्णय तुमचा."

एक सांगायचं राहिलं. मेहतासाहेबांचा आवाज सपाट होता. रागावले तरी सपाट, बोनस जाहीर केला तरी सपाट. त्यांच्या सासूबाई गेल्याचं त्यांनी फोनवर ज्या आवाजात भावाला कळवलं, त्याच आवाजात फोन ठेवून मला चहा सांगितला. मला आधी वाटलं, सासूबाई चहा पितायत.

तर टिपणिसांनी काम अंगाला लावून घेतलं. त्यांची पद्धत आम्हाला लवकरच पाठ झाली. विक्रेता मशीन टेबलावर मांडून, वायर जोडून, हात चोळत उभा असायचा. टिपणीस मशीनकडे बघायचेसुद्धा नाहीत. दारात उभे राहून म्हणायचे, "आधी अंधार बघू." परब जाऊन पडदे ओढायचा. टिपणीस खोलीच्या मधोमध उभं राहून चारी बाजूंनी अंधार बघून घ्यायचे, कुठे फट आहे, कुठे नाही. मग खिशातून पेपरातल्या लग्नाच्या जाहिरातींचं कात्रण काढायचे. पडद्यावरून उलट्या येणाऱ्या उजेडात वर पाहिजे, वधू पाहिजे वाचता आलं, की मशीन नापास.

ही खोड इतकी वाढली की कोणाच्या घरी गेले तरी तेच. आमच्या अकाउंट्सच्या देवधरांनी मुलुंडला नवा ब्लॉक घेतला. आम्ही सगळे वास्तुशांतीला गेलो. देवधर बाल्कनी दाखवतायत, "हवा बघा, उजेड बघा," आणि टिपणीस हॉलच्या खिडक्या लावून घेत म्हणतायत, "आधी अंधार बघू." देवधरांच्या आईने विचारलं, "यांचं कोणी गेलंय का?"

मशीन घेऊन येणारा परेरा मालाडच्या ऑर्लेमचा. चांगला मुलगा, पण तोंडाचा पट्टा बंद नाही. "टिपणीस साब, इसका लाइट देखो, एकदम कडक! चारशे वॅटचा बल्ब. एवढी खोली, एवढा पडदा, तर एवढा वॅट. हे बघा कोष्टक."

"ते कोष्टक ठेव खिशात," टिपणीस म्हणाले. "मला सांग, इथे बसणार कोण?"

"स्टाफ बसेल ना, साब."

"मग? प्रोजेक्टरचा उजेड पडद्यासाठी नसतो रे परेरा. बसणाऱ्यांसाठी असतो. ऑफिसात उजेड एवढा हवा, की साहेबाला आकडे दिसावेत आणि बाकीच्यांना अब्रूने जांभई देता यावी. घरी त्याच्याहून कमी. घरी लोक चित्र बघायला बसत नाहीत, एकमेकांच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून बसतात."

परेराने हे सगळं निमूट ऐकलं आणि चारशे वॅटचा बल्ब लावला. पडद्यावरचा उजेड उलटा फिरून आमच्या तोंडावर आला. देवधर केस रंगवतात हे कंपनीला त्या दिवशी कळलं. मेहतासाहेब पंपाच्या आडव्या छेदाची स्लाइड लावून बोलत राहिले, आणि बोलता बोलता ती स्लाइड उष्णतेने फुगून वाकडी झाली. पंप पोटुशी दिसायला लागला. टिपणिसांनी कात्रण घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "नापास."

दुसऱ्या खेपेला परेराने एक लहान मशीन आणलं. जुनंच होतं, कोपरा चेपलेला, बल्ब दीडशे वॅटचा. त्यातल्या पंख्याला एक बारीक घरघर होती. परब पडदे ओढून उभा राहिला, पडद्यावर पंपाची पिवळट, मऊ आकृती आली, आणि साहेब बोलायला लागले. मी कोपऱ्यात मिनिट्स घेत होते. पाचेक मिनिटं झाली असतील, परबने माझ्या खांद्याला हात लावला. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाय, टिपणीस साहेब गेले."

"कुठे गेले?"

"गेले मां गे! डोळे बघ!"

मी बघितलं आणि माझ्या हातातली पेन्सिल पडली. टिपणिसांचे डोळे मिटलेले होते. आमच्यापैकी कोणी, कधीही, ते डोळे मिटलेले बघितले नव्हते. मान एका बाजूला, हात मांडीवर उघडे. परेराने छातीवर क्रॉस केला. देवधर उठून नाकाशी बोट धरायला गेले, आणि तेवढ्यात टिपणीस घोरले. साधंसुधं नाही, असं घोरले की टेबलावरचे ग्लास थरथरले. परब तर रडायलाच लागला. "जिवंत आसत! झोपले आसत!"

फक्त मेहतासाहेबांना आनंद झाला नाही. "मी बोलतोय आणि हा माणूस झोपतो?" ते सपाट आवाजात म्हणाले, आणि त्या आवाजाने टिपणीस आणखी खोल गेले.

दिवे लावल्यावर जागे झाले. त्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग मी पहिल्यांदा पांढरा बघितला. थोडा वेळ त्यांना आपण कुठे आहोत ते कळेना. मग कळलं. त्यांनी उठून त्या चेपक्या मशीनला हात लावला, देव्हाऱ्यातल्या समईला लावतात तसा, आणि म्हणाले, "साहेब, हेच घ्या."

"हे?" मेहतासाहेब म्हणाले. "अरे, यात पंप कुठे दिसतो? पंपाची सावली दिसते! दुसरी बघा."

मग टिपणिसांनी दुसरी बघितली. तिसरी बघितली. पण प्रत्येक नव्या मशीनसोबत ते लहान मशीनही पाहिजे, तुलनेला. "तुलना नको? उद्या ऑडिटवाले विचारतील." परेरा कंटाळून ते मशीन आमच्याकडेच ठेवून गेला. साहेब तर प्रत्येक चाचणीला स्वतः बोलायचे, कारण स्वतःच्या आकड्यांशिवाय त्यांचा कशावर विश्वास नव्हता. मोठं मशीन लागलं की टिपणीस टक्क जागे, टिपणं घेतायत. लहान लागलं की कात्रण हातातून गळालंच. तेवढीच काय ती त्यांची झोप, आठवड्यातून एक-दोनदा. त्यांच्या गालांवर थोडं मांस चढलं. एकदा तर मी त्यांना शीळ घालत जिना चढताना ऐकलं. शनिवार-रविवार आला, मधे एखादी सुट्टी आली, की सोमवारी परत लाल डोळे.

एका दुपारी शालिनीवहिनी ऑफिसात आल्या. गोलसर चेहरा, नीटनेटकी सुती साडी, डोळ्यांखाली काळं. माझ्या टेबलासमोर बसल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाल्या, "सरोज, मला तो उजेड दाखव."

मी त्यांना वर नेलं. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली. "हे होय ते! हे घरी येऊन सांगतात, तसं मी सगळं करून बघितलं गं. झिरोचा बल्ब लावला. त्याच्यापुढे बटरपेपर धरला. डब्याच्या झाकणाला भोक पाडून त्यातून उजेड काढला. घरघर पाहिजे म्हणून मिक्सर लावला, तर खालचे पटवर्धन वर आले, रात्रीची चटणी कसली करता म्हणून. मग हे म्हणाले, कोणीतरी बोलायला पाहिजे. मी पंपाचं माहितीपत्रक वाचायला घेतलं. पण मी वाचायला लागले की हे मधेच माझे उच्चार सुधारतात."

"मग?"

"मग काय, मी भांडते. आणि भांडण झाल्यावर कोणाला झोप येते?"

मला हसू आवरेना. त्याही हसल्या, पण मधेच थांबल्या. "हसू नको गं. मला झोप पाहिजे. त्यांना नाही आली तरी चालेल असं कधीकधी मनात येतं, पण त्यांना आल्याशिवाय मला येत नाही. माझं वय काय राहिलंय आता जागायचं?"

त्याच सुमारास माझा भाऊ सुरेश आखातातून सुट्टीवर आला, आणि येताना डबाभर स्लाइड्स घेऊन आला. आता स्लाइड्स आहेत तर बघणार कशात? मी परेराला गळ घातली. तो म्हणाला, "रविवारला घेऊन जा मॅडम, कोण विचारतो त्या डब्याला." टिपणिसांना विचारलं, घरी लावायचाय, जरा येता का. ते वहिनींना घेऊन दुपारीच घाटकोपरला हजर. आले तेच म्हणाले, "आधी अंधार बघू." आईने गोधड्या काढून दिल्या, त्या खिडक्यांवर टांगल्या. आमच्या दोन खोल्यांत एवढा अंधार पहिल्यांदाच झाला होता.

भिंतीवर धुतलेली चादर लावली आणि सुरेश सांगायला लागला. देवाने आवाज त्यालाही मेहतासाहेबांसारखाच दिलेला. "हा मी. हा मी आणि उंट. हा परत मी. ही आमची रूम." आई पुढे वाकली. सुरेशच्या मागे लोखंडी पलंग होते, एकावर एक, आणि दाराशी ढीगभर चपला. पत्रात त्याने लिहिलं होतं, स्वतंत्र खोली मिळाली आहे, अगदी आरामात आहे. आई म्हणाली, "ते मागे काय रे ते? रेल्वेसारखं?"

टिपणिसांनी खिशातला रुमाल काढून भिंगापुढे धरला. भिंतीवरची खोली धुरकट झाली, पलंग विरले, राहिला फक्त सुरेशचा हसरा चेहरा. "काही नाही हो, बल्ब जुना आहे. मधेमधे बसतो," ते म्हणाले. आईने चादरीकडे बघत म्हटलं, "बारीक झालाय माझा बाळ." पुढची स्लाइड उंटाची लागली तेव्हा त्यांनी रुमाल बाजूला घेतला.

तिसऱ्या उंटाला टिपणीस झोपले. आमच्या दिवाणावर, उशीला टेकून. मी मशीन बंद करायला उठले तर वहिनींनी माझा हात धरला. "राहू दे. उजेड गेला की उठतील." मग काय, सुरेशने सगळ्या स्लाइड्स पहिल्यापासून परत दाखवल्या. मग परत. शेजारचे आले, त्यांना दाखवल्या. बाबा कंटाळून भाजी आणायला गेले. वहिनी चादरीकडे बघतच नव्हत्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"सरोज," त्या हळू म्हणाल्या, "हे झोपल्यावर कसे दिसतात ते मी विसरलेच होते गं."

निघताना जिन्यात त्यांनी मला थांबवलं आणि सरळ सांगितलं, "काहीही कर, पण कंपनीने हेच मशीन घेतलं पाहिजे. परेरा परत घेऊन गेला तर आम्ही मेलो."

आणि नेमकं दिवाळीच्या आधी मेहतासाहेबांनी फर्मान काढलं. राज्यभरच्या डीलरांची मीटिंग आहे, तोवर प्रोजेक्टर आलाच पाहिजे, उद्या सकाळी शिफारस लेखी द्या. सकाळी टिपणीस माझ्याकडे डिक्टेशन द्यायला आले. मी आनंदाने कागद चढवला. आता हा माणूस लिहिणार, छोटं मशीन सर्व दृष्टींनी योग्य, आणि सुटला एकदाचा. तर टिपणीस खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभे राहिले आणि सांगायला लागले, स्लाइड वाकू न देणारा पंखा असलेल्या चारशे वॅटच्या मोठ्या मशीनची शिफारस करण्यात येत आहे.

मी टाइप करायची थांबले. "अहो टिपणीस! डोकं ठिकाणावर आहे ना?"

"खोली पश्चिमेची आहे," ते म्हणाले. "दुपारची मीटिंग. परबने कितीही पडदे ओढले तरी काचेतून ऊन येणारच. लोक पन्नासेक. लहान मशीनवर मागच्या रांगेला काहीच दिसणार नाही. कंपनीने विचारलंय की पंप दिसायला किती उजेड लागेल. मला झोपायला किती लागेल, असं नाही विचारलं."

"तुम्हीच ना सांगत होता, उजेड बसणाऱ्यांसाठी असतो?"

"बसणारा मी एकटा नाहीये ना, सरोज."

"आणि वहिनी? त्यांना काय सांगाल?"

"सांगितलं काल. म्हणाली, खरं तेच लिहा." ते मनगटाचं बटण उगाचच काढून परत लावत बसले. "मग रडली जरा."

मला इतका राग आला होता की त्या एका पानात मी चार चुका केल्या. सहीला कागद पुढे सरकवताना त्यांच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. खरेपणा म्हणे!

परेराने मोठं मशीन आणून बसवलं. डीलरांच्या मीटिंगची आमची एक रीत होती, वर्षानुवर्षांची. दुपारी श्रीखंड-पुरीचं दणदणीत जेवण, मग साहेबांचं भाषण, डीलर मंडळींची डुलकी, मग चहा, आणि चहासोबत पुढच्या वर्षाच्या ऑर्डरीवर सह्या. कधी कोणी हूं की चूं केलं नव्हतं. त्या दिवशीही श्रीखंड-पुरी झाली. मंडळी पट्टे सैल करून बसली. आणि परेराने बटण दाबलं.

लख्ख! पंपाचा एकेक स्क्रू दिसायला लागला. पुढच्या रांगेतल्या जळगावच्या डीलरने डुलकीसाठी मान खाली घातली होती, ती त्याने वर केली. डोळे चोळले. परत बघितलं. मग हात वर केला. आमच्या मीटिंगमध्ये हात वर झाल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं.

"साहेब, तो खालचा व्हॉल्व्ह आहे ना, लाल रंगात दाखवलाय तो. आमच्याकडे जे पंप आले त्यात तो नव्हताच की हो."

"कसा नव्हता?" सांगलीचे म्हणाले. मग तेही उठून पडद्याजवळ गेले, बोट लावून बघितलं. "अरे, आमच्यातही नाही हा!"

झालं. सगळे उभे. कोणाचा व्हॉल्व्ह नाही, कोणाची चाकी दुसऱ्याच मापाची. चहा गार झाला. सह्या राहिल्या बाजूला, संध्याकाळ होईपर्यंत प्रश्न चालले होते. मेहतासाहेब त्याच सपाट आवाजात उत्तरं देत होते, पण शर्ट पाठीला चिकटला होता. टिपणीस मागच्या भिंतीशी लाल डोळ्यांनी ताठ बसलेले.

शेवटचा डीलर खाली उतरला तसे साहेब खुर्चीत कोसळले. "टिपणीस, वाट लागली ना यार! ते छोटं मशीन कुठे आहे?"

"आहे साहेब, कपाटात. पण त्याच्यात काही दिसत नाही."

"तेच पाहिजे ना!" मेहतासाहेब म्हणाले. "तेच तर पाहिजे!"

जळगाव-सांगलीला मुकाट्याने व्हॉल्व्ह पाठवावे लागले ते लागलेच, आणि ते बरंच झालं म्हणा. पण चेपक्या कोपऱ्याचं दीडशे वॅटचं मशीन कंपनीने रीतसर विकत घेतलं. परेराला तर वेड लागायची पाळी आली. "इतने महिने मैं अच्छा-अच्छा मशीन दिखाया, और लिया तो ये?" मी तडक बोरिवलीला वहिनींच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. त्या धावत फोनवर आल्या, मी सांगितलं, आणि त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं टिपणिसांची चैन होती. मीटिंग खरेदीची असो, विक्रीची असो की कॅन्टीनच्या तक्रारींची, टिपणिसांना आमंत्रण ठरलेलं. कारण साहेबांना त्यांचा उपयोग कळला होता. ते पहिली स्लाइड लावायचे, बोलायला लागायचे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपणिसांकडे बघत राहायचे. टिपणिसांची मान पडली की उजेड बरोबर आहे, आवाज बरोबर आहे. मगच अवघड आकडे बाहेर काढायचे. सुरुवातीला साहेबांना याचा अपमान वाटायचा. पुढे पुढे मला विचारायला लागले, "गद्रे, आज लवकर झोपला ना तो? मागच्या वेळेपेक्षा लवकर?" मी हो म्हटलं की खूश. घरी रात्री टिपणीस जागेच असत, पण दिवसा झोप मिळालेला माणूस रात्री शांत पडून राहतो. वहिनींचा तेवढा भार हलका झाला होता.

आणि मग टिपणिसांची रिटायर व्हायची वेळ आली.

परब आणि मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, निरोपाला गजराचं घड्याळ द्यायची कंपनीची प्रथा आहे खरी, पण या माणसाला गजराचं घड्याळ म्हणजे थट्टाच आहे. प्रोजेक्टर द्या ना. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कंपनीची मालमत्ता आहे, गद्रे. ऑडिट मला सोडेल का? आणि मशीन दिलं तरी बोलणार कोण?" परब बाहेर येऊन म्हणाला, "आता म्हाताऱ्याची परत तीच दशा." मला त्याला गप्प बस म्हणावंसं वाटलं, पण मलाही तेच वाटत होतं.

निरोपसमारंभ कॉन्फरन्स रूममध्येच झाला, संध्याकाळी. पुढे दोन खुर्च्या, एकीवर टिपणीस, एकीवर शालिनीवहिनी, दोघांच्या गळ्यात झेंडूचे हार. वहिनी ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या आणि चेहरा असा केला होता की कोणी काही विचारू नये. परबने पडदे ओढले. कंपनीच्या पिकनिकच्या, पूजेच्या, जुन्या पंपांच्या स्लाइड्स जमवल्या होत्या. लहान मशीन घरघरायला लागलं, साहेब उठले आणि बोलू लागले. "टिपणीस यांनी या कंपनीची..." कंपनीची काय केली ते टिपणिसांनी ऐकलंच नाही. मान पडली. आम्ही सगळे गालातल्या गालात हसलो. वहिनीही हसल्या, हार सावरला, नवऱ्याकडे बघितलं. बघता बघता त्यांच्या पापण्या जड झाल्या. त्यांनी एकदा डोळे उघडायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. त्यांचं डोकं हळूच टिपणिसांच्या खांद्यावर आलं आणि दोन्ही हार एकमेकांत चुरगळले.

परब घड्याळाचा डबा घेऊन पुढे निघाला होता, तो जागच्या जागी थांबला. साहेबांनी भाषणाचा कागद उलटवला. मागे काही नव्हतं. भाषण संपलं होतं. त्यांनी टाळ्यांसाठी वर आलेले आमचे हात बघितले आणि बोटानेच नको म्हणून खूण केली. मग दाराकडे बोट दाखवलं.

आम्ही चपला हातात घेऊन एकेक करत बाहेर पडलो. सगळ्यात शेवटी मी. दार ओढून घेताना बघितलं, मेहतासाहेबांनी कोट काढून खुर्चीला लावला होता. भिंतीवर कुठल्याशा जुन्या पंपाची पिवळट आकृती स्थिर होती. त्या उजेडात ते दोघांच्या समोर खुर्ची ओढून बसले, टायची गाठ सैल केली, आणि सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं म्हणून त्याच सपाट आवाजात, न थांबता, गुजरातीतून पाढे म्हणायला लागले.